लाल गठ्ठ्यातले त्रेसष्ट शब्द

"चोर सापडला आहे," देवळीकर गुरुजींच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "पण चोरीचा माल सापडत नाही. ताबडतोब यावे."

माणिकराव उमाट्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि बंडूजींकडे सरकवली.

"चोर हाय अन् माल नाई," ते म्हणाले. "म्हणजे बंडूजी, चोरही नाई. चला."

माणिकरावांनी वर्ध्याच्या कापूस बाजारात बावीस वर्षं पारख्याचं काम केलं होतं. बैलबंडीतल्या कापसात हात घालायचा, चिमूटभर ओढून बघायचा आणि हा माल वडनेरचा की गिरडकडचा ते सांगायचं. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. बायकोने कपाळाला हात लावला, पण पाटी राहिली. बंडूजी कचेरीसमोर अर्ज लिहून देत. अक्षर मोत्यासारखं, डोकं मात्र सावकाश चालणारं. दुपारी कचेरी सुनी असली की ते माणिकरावांबरोबर वही घेऊन फिरत.

गुरुजींच्या ओसरीवर नत्थू शिंपी गुडघ्यात मान घालून बसला होता. त्याचं गाठोडं समोर उसकटून टाकलेलं. टेप, खडू, सुया, कापडाचे तुकडे सगळीकडे पसरलेले. गुरुजी येरझारा घालत होते. अंगात नवा कोट, पण एकच बाही शिवलेली.

"तीनच्या गाडीनं नागपूरची समिती येते आहे," गुरुजी म्हणाले, "आणि माझा लाल गठ्ठा गेला!"

वय एकाहत्तर, चष्म्याच्या काचा जाडजूड. गुरुजी गेली चौदा वर्षं इंग्रजी-मराठी कोश करत होते. तो छापायचा की नाही हे समिती ठरवणार होती, आणि तिने परीक्षेला एकच इंग्रजी शब्द दिला होता: 'कट'. दुसऱ्या कुणी 'कापणे' लिहिलं असतं आणि हात झटकले असते. गुरुजी मात्र वडनेरपासून गिरडपर्यंत पायी हिंडले. शेतकरी गहू सोंगतो, बाई मेथी खुडते, माळी फांदी छाटतो, सुतार लाकूड तासतो, न्हावी डोकं भादरतो, शिंपी कापड बेततो. असे त्रेसष्ट शब्द जमले. प्रत्येक शब्दाची वेगळी चिठ्ठी, आणि तीवर तो शब्द कोण, कशासाठी, कोणत्या हत्यारासाठी वापरतो आणि गुरुजींना तो कुणी सांगितला, ही नोंद.

"नक्कल?" माणिकरावांनी विचारलं.

"नाही. आणि पुन्हा लिहायला आता डोळे नाहीत." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हा गठ्ठा नसेल तर समिती चहा पिऊन परत जाईल. मग चौदा वर्षांचं काम माळ्यावर."

घड्याळात साडेबारा झाले होते.

गुरुजींच्या खोलीत पेटीसमोर सहा गठ्ठे विखुरलेले होते. सकाळी नऊ वाजता गुरुजींनी सातही गठ्ठे एकावर एक रचून एकाच दोरीने आवळले होते, आणि लाल कागदातला गठ्ठा मधोमध ठेवला होता. मग ते आंघोळीला आणि पूजेला गेले. साडेदहाला येऊन बघतात तो दोरी तुटून पडलेली, शेजारी नत्थूची मोठी कातर, आणि लाल गठ्ठा गायब.

"लाल कागदात काय आहे ते कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना. काल मीच मिरवून दाखवला."

"दोरी कशाची?"

"माझ्याबरोबर कोश करणाऱ्या केशवरावांनी दिलेलं हातसूत. दोन पदर घेऊन मीच वळली. गाठ मात्र माझी. ती माझ्या बायकोलाही सुटत नाही." एवढ्या संकटातही गुरुजींना गाठीचा अभिमान होता.

गाठ खरोखर जशीच्या तशी होती. दोरी दुसऱ्या बाजूला तुटली होती. माणिकरावांनी टोकं उचलली. चारही पदर टोकाशी निमुळते झालेले, आणि पुढे कापसाचा मऊ पुंजका. त्यांनी तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला, हलकेच ओढला, आणि दोरी खिशातल्या डबीत ठेवून दिली.

बंडूजींनी वहीत लिहिलं: 'दोरी कापलेली. कातर जवळच.'

"'कापलेली' खोडा," माणिकराव म्हणाले. "'तुटलेली' लिहा."

"कातर समोर पडून हाय न!"

"कातर पडून हाय. लिहा, कातर पडून हाय."

ओसरीवर माणिकरावांना बघून नत्थू उठून उभा राहिला.

"मले काऊन चोर म्हणून राह्यले जी? म्या साडेनवाले कोट घेऊन आलो. पेपरात गुंडाळून आनला होता. बाईंनं पेपर घेतला अन् मले सैपाकघरात बलावलं, पोरीच्या झंपराचं माप द्याले. म्या कातर तेथीच ठेवून गेलतो. परत आलो तं बोंबाबोंब!"

"पोरगी कुठी हाय?"

"सासरी. जुन्या झंपरावरून माप घेतलं जी."

"तुले तो गठ्ठा कायले पाहिजे असंल, असं म्हणतेत हे लोक?"

"रद्दीत इकाले म्हनतेत." नत्थूचे डोळे भरून आले. "त्याच्यात माहा शबूद हाय. 'बेतनं'. गुरुजींनं माह्या नावासगट लिहून घेतला. माहाच शबूद म्या रद्दीत इकीन काय?"

माणिकरावांनी स्वतःच्या सदऱ्याची लोंबणारी गुंडी पुढे केली. "एवढा टाका मार बाप्पा."

नत्थूने चार टाके घातले. माणिकराव त्याच्यासमोर कातर धरतात तोवर त्याने खाली वाकून दोरा दातांनी कचकन तोडलाही होता. उरलेला तुकडा माणिकरावांनी डबीत ठेवला.

स्वयंपाकघरात गुरुजींची बायको वच्छलाबाई विळीवर वांगी चिरत होत्या. चुलीत राखेच्या वर जळक्या कागदाची काळी पापुद्री दिसत होती. बंडूजींनी माणिकरावांना कोपराने ढोसलं.

"गठ्ठे जाळीन असं तुम्ही म्हणता म्हणे," माणिकराव म्हणाले.

"म्हनते न! हजारदा म्हनलं," वच्छलाबाई ठसक्यात म्हणाल्या. "चौदा वर्षं घरात सवतीसारखे बसून हायेत ते कागद. पोरीच्या लग्नातही हे मांडवात बसून पाहुण्यायले शबूद इचारत होते. पन भाऊजी, आज जाळीन काय मी? आज? त्यायच्या अंगावर जन्मात पहिल्यांदा कोट चढून राह्यला!" त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वांग्यावर राग काढला.

"नऊनंतर घरात कोण आलं, कोण गेलं?"

"इथून फाटक दिसते. साडेनवाले नत्थू आला. मंग थोड्या वेळानं केशवराव आले, त्यायची पेटी घेऊन. गेलं कोनीच नाई. तुमाले चिठ्ठीही फाटकावरूनच शेजारच्या पोराच्या हाती धाडली. मागच्या दाराले अडसर हाय."

"म्हणजे गठ्ठा घरातच आहे."

"घर तं पालथं घातलं!"

माणिकरावांनी कढीलिंबाची एक डहाळी मागितली, आणि ती बांधायला थोडा दोरा. बाईंनी खुंटीवरचा दोरा ओढला, विळीच्या पात्यावर टेकवला आणि झटक्यात दोन तुकडे केले. डहाळी बंडूजींच्या हातात गेली, दोरा डबीत.

"आज तुम्ही दोरेच गोळा करून राह्यले," बंडूजी कुरकुरले. "चुलीतली राख सोडून!"

मधल्या खोलीत केशवराव पांढरीपांडे बाजेवर ताठ बसले होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक, कोशाचे सहसंपादक. अंगावर स्वतःच्या सुताची खादी. वीस वर्षांत त्यांचा एक दिवसही सूतकताईशिवाय गेला नव्हता. शेजारी पेटी-चरखा, ही आडवी लाकडी पेटी, आणि तिच्यावर डावं कोपर. हातात टकळी गरगरत होती.

"यात अन्वेषण करण्यासारखं काही नाही," ते शांतपणे म्हणाले. "शस्त्र नत्थूचं. गुरुजींनी अशिक्षित माणसांना इतकं घरात घेऊ नये, हे मी वारंवार सांगितलं होतं."

"शब्द त्यांच्याकडूनच घ्यायचे होते न."

"तेही सांगितलं होतं." सूत तुटलं. केशवरावांनी दोन्ही टोकं उलगडून एकावर एक ठेवली, बोटांनी पीळ दिला, आणि टकळी पुन्हा फिरू लागली. "छेदन, कर्तन, विच्छेदन असे भारदस्त शब्द असताना विद्वानांच्या समितीपुढे 'भादरणे'? भाषेनं चारचौघांत धुतलेल्या वस्त्रात जावं. असो. आता तो प्रश्नच उरला नाही."

"सामान कुणी तपासलं?"

"मीच. नत्थूचं गाठोडं, स्वयंपाकघर, माळा, गुरुजींच्या पेट्या. सारं."

"चरखा असून टकळीवर कातून राह्यले?"

"चरख्याची माळ तुटली आहे."

माणिकरावांनी चष्मा काढला. त्याची दांडी सैल झाली होती. "एक वीतभर सूत देता काय? बांधून टाकतो."

केशवरावांनी न बघता टकळीवरचं सूत चिमटीत धरलं, अंगठा उलटा फिरवला, हलकेच ओढलं. सूत आवाज न करता सुटं झालं. माणिकरावांनी आभार मानले आणि चष्मा तसाच सैल डोळ्यांवर चढवला.

निघताना बंडूजींचा पाय पेटीला लागला. पेटी चांगली हातभर सरकली, पण आतून काहीही खडखडलं नाही. केशवरावांनी ती लगेच जवळ ओढून घेतली.

ओसरीवर येताच बंडूजींनी माणिकरावांचा दंड धरला. "बाईनंच जाळलं. राख हाय, कागद हाय, कबुलीही हाय. आता गुरुजींले सांगाले जीव होत नाई."

"मग नका सांगू," माणिकराव म्हणाले. "अडीच वाजता समद्यायले खोलीत बोलवा. तोवर वांग्याची भाजी झाली असंल."

भाजी झाली. माणिकराव पोटभर जेवले. गुरुजींनी ताट तसंच सरकवलं.

अडीच वाजता पाचही जण गुरुजींच्या खोलीत जमले. केशवराव पेटी बरोबर घेऊन आले. माणिकरावांनी गुरुजींच्या काळ्या पाटीवर डबी उपडी केली.

"आधी बंडूजींची राख," ते म्हणाले. "बाई, नत्थूनं कोट ज्या पेपरात आनला तो पेपर कुठी हाय?"

"चूल पेटवली त्यानं."

बंडूजींनी वहीतलं एक पान हळूच दुमडलं.

"आता दोरे पाहा. हा नत्थूचा. दातानं तोडला. टोक चपटं, चेंगरलेलं, थुंकीनं चिकटलेलं. नत्थूच्या पुढ्यात कातर धरली तरी तो दातानंच तोडते, समदे शिंपी तोडतेत. हा बाईंचा, विळीवरचा. टोक तिरपं, पन साफ. कातरीनं कापलं तं टोक असं दिसते." त्यांनी नत्थूच्या कातरीने एक दोरा कापून शेजारी ठेवला. "ठोकळ्यासारखं, समदे धागे एका लांबीचे. अन् ही गुरुजींची दोरी. बंडूजी, कशी हाय सांगा."

बंडूजी वाकले. "उंदराच्या शेपटीवानी. पुढे कापूस निघाला."

"कशानं कापली?"

"कातरीनं नाई," बंडूजी चाचरले. "विळीनंही नाई. दातानंही… मंग कशानं?"

"कशानंच नाई! कापलीच नाई म्हणून तं तुमच्याकडून खोडून घेतलं. बावीस वर्षं म्या कापसाचा धागा ओढून पाह्यला. पीळ उलटा फिरवला की तंतू सुटे होतेत, मग हलकेच ओढलं की वेगळे. कापलेल्या टोकाले पुन्हा जोड बसत नाई, उलगडलेल्या टोकाले बसते. म्हणून सूत कातणारा मानूस सूत कधीच कापत नाई, उलगडते. वीस वर्षं रोज तेच केल्यावर हाताले इचारावं लागत नाई." माणिकरावांनी शेवटचा तुकडा दोरीशेजारी ठेवला. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी होती. "हे वीतभर सूत मले दुपारी केशवरावांनी दिलं."

सगळ्यांच्या माना वळल्या. केशवरावांच्या चेहऱ्यावर मात्र रेषही उमटली नाही.

"अर्धं वर्धा सूत कातत असेल," ते म्हणाले.

"कातू द्या न. साडेनऊ ते साडेदहा या घरात अर्धं वर्धा नव्हतं, तुम्ही होते. गुरुजींची गाठ सुटेना, गडबड होती, कातर हाताशी पडली होती. दुसऱ्या कोनीही ती उचलली असती. तुमाले ती दिसलीसुद्धा नाई. हातानं त्याचं नेहमीचं काम केलं. कातर नंतर गुरुजींले दिसली, अन् नत्थू चोर झाला."

"मग गठ्ठा कुठे आहे?" गुरुजींनी विचारलं.

"तपासणाऱ्यानं समद्यायचं सामान तपासलं, एकाचं सोडून. केशवराव, चरख्याची माळ म्हणजे सुताचाच वळलेला दोरा न? कातणाऱ्याच्या हातात टकळीभर सूत असताना माळ वळाले किती वेळ लागते? दोन मिनिटं. तुमची माळ सकाळपासून तुटून हाय! अन् बंडूजींचा पाय लागला तं पेटीतली चाकं वाजली नाईत. काऊन वाजतीन? चाकं घरी काढून ठेवली असतीन. उघडा."

केशवरावांनी कोपर काढलं. मग त्यांनीच कडी सरकवली. चाकांच्या जागी लाल कागदातला गठ्ठा अगदी मापात बसला होता.

गुरुजींनी झडप घालून तो छातीशी धरला. म्हातारा माणूस चक्क हुंदके देऊन रडला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"मी तो नष्ट करणार नव्हतो," केशवराव खालच्या आवाजात म्हणाले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात अकरा संस्कृत शब्द लिहिले होते. "आज समितीपुढे हे ठेवलं असतं. गठ्ठा उद्या परत दिला असता. मुखपृष्ठावर माझंही नाव असणार. विद्वानांसमोर लाज जाऊ नये, एवढंच."

"लाज!" माणिकराव कडाडले. त्यांना इतकं चिडलेलं बंडूजींनी कधी पाहिलं नव्हतं. "सकाळपासून एक गरीब मानूस ओसरीवर चोर म्हणून बसून हाय. त्याचं गाठोडं तुम्ही सोताच्या हातानं उसकटलं. तेव्हा कुठी गेलती लाज?"

केशवराव उठले, नत्थूपुढे गेले आणि हात जोडले. "माझं चुकलं."

"असू द्या जी," नत्थू सवयीने म्हणाला. मग त्याने मान वर केली. "नाई, असू द्या कसं? पुन्हा एकदा म्हना. मोठ्यानं म्हना."

केशवरावांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला.

समितीचे दोन गृहस्थ आत आले. अध्यक्ष टोपी घातलेले, गंभीर, कमी बोलणारे. चहा झाला. गुरुजींनी लाल गठ्ठा सोडला आणि तो आपल्या सहसंपादकापुढे ठेवला.

"मला दिसत नाही. केशवराव, तुम्हीच वाचा. त्रेसष्टही, आणि खणखणीत आवाजात."

केशवरावांनी एकदा गुरुजींकडे पाहिलं. पळवाट नव्हती. त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली. "सोंगणे. उभं पीक विळ्याने. सांगणार, जयवंता, वडनेर." पुढे खुडणे, छाटणे, तासणे. 'भादरणे'ला त्यांचे कान लाल झाले. 'बेतणे'च्या चिठ्ठीवर नत्थूचं नाव आलं, तेव्हा नत्थू दारात छाती काढून उभा राहिला. पण शिकवण्याची जुनी सवय खोटी नव्हती. दहाव्या चिठ्ठीनंतर आवाज उघडला, विसावीनंतर ते चिठ्ठी दोनदा बघू लागले, आणि चाळिसाव्या चिठ्ठीला ते स्वतःशीच म्हणाले, "याला संस्कृतात शब्द नाही." दुसरे गृहस्थ भराभर टिपून घेत होते. अध्यक्ष मात्र डोळे मिटून स्वस्थ बसले होते.

त्रेसष्टावी चिठ्ठी संपली. अध्यक्षांनी डोळे उघडले.

"एक राहिला," ते म्हणाले.

गुरुजींचा चेहरा पडला. "कोणता?"

"कुट्टी करणे. बैलांसाठी कडब्याचे बारीक तुकडे करतात ते. पहाटे गोठ्यात आवाज यायचा. आम्ही त्या आवाजानं जागे होत होतो."

गुरुजींनी कोरी चिठ्ठी ओढली, डोळ्यांजवळ नेली आणि मोठमोठ्या अक्षरांत शब्द लिहिला. मग टाक थांबवून त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सांगणार कोण? नाव लागतं."

अध्यक्षांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माझं नको. माझ्या बापाचं लिहा. चिंधू, मुक्काम गिरड. त्याले सही येत नव्हती." समितीची शुद्ध भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली होती. "अन् गुरुजी, कोश असाच छापाचा. एकही शबूद गाळाचा नाई, अन् एकही नाव गाळाचं नाई."

गुरुजींनी टाक दौतीत बुडवला आणि शब्दाखाली लिहिलं: चिंधू, गिरड.